ट्रिगर लावला की फ्रेम रेट का पडतो?

प्रश्न: आमच्याकडे बाटल्यांची झाकणं तपासायला रोलिंग शटरचा (चित्र एकेक ओळ करून टिपणारा) कॅमेरा आहे. नुसता चालू ठेवला की सेकंदाला ५० फ्रेम येतात, पण झाकण आलं की फोटो घ्यायला सांगणारा सेन्सरचा ट्रिगर जोडला की २८च्या वर जातच नाही आणि झाकणं सुटतात. एक्स्पोजर (प्रकाश घ्यायचा वेळ) १५ मिलिसेकंद आहे. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर: नाही हो, कॅमेरा ठणठणीत आहे! ५० फ्रेम म्हणजे एक फ्रेम वाचायला (चित्र चिपवरून बाहेर काढायला) २० मिलिसेकंद, आणि फ्री-रनमध्ये, म्हणजे ट्रिगरशिवाय नुसता चालू असताना, खालच्या ओळी वाचल्या जात असतानाच वरच्या ओळींचं पुढचं एक्स्पोजर सुरू झालेलं असतं, म्हणून ते १५ वेगळे मोजावे लागत नाहीत. ट्रिगरवर मात्र बहुतेक रोलिंग कॅमेरे आधीची फ्रेम पूर्ण वाचून होईपर्यंत नवा ट्रिगर घेतच नाहीत. १५ अधिक २० म्हणजे फ्रेममागे ३५ मिलिसेकंद, एका सेकंदात बसल्या तुमच्या २८.

आधी लाइट वाढवून एक्स्पोजर २ वर आणा, ४५ पर्यंत जाल. फ्रेमची उंची कमी केली तर वाचायचा वेळही घटतो. पण खरं सांगू, पळत्या झाकणाला ग्लोबल शटरच (सगळ्या ओळी एकदम टिपणारं) घ्या, त्यात ओव्हरलॅप ट्रिगर (आधीची फ्रेम वाचली जात असतानाच पुढची घेणारा) मिळतो का तेवढं बघा. रोलिंगमध्ये गोल झाकण तिरकं दिसतं आणि चांगला माल उगाच रिजेक्ट होतो.