शिक्षणशास्त्रात अर्धवेळ पीएच.डी.: कोर्सवर्कला कोणते विषय घ्यावेत, गाईडशी काय बोलावं?

तुम्ही माध्यमिक शाळेत नोकरीला आहात आणि गाईड म्हणजे मार्गदर्शक म्हणतात, 'आधी कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचे सक्तीचे पेपर) उरका, विषयाचं नंतर बघू.' माझं मत उलट आहे. विषय पक्का नसला तरी चालेल, पण माहिती कोणाकडून आणि कशी गोळा करणार हे कोर्सवर्कच्या आधीच ठरलेलं हवं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा पेपर सक्तीचा, संशोधनपद्धतीही सहसा ठरलेलीच. निवड उरते ती थोडी, आणि तीही बहुतेक जण शनिवारच्या तासिका बघून करतात.

तुमचा अभ्यास प्रायोगिक असेल तर मुख्याध्यापक आठवी अ आणि आठवी ब अशा तयार तुकड्याच देणार. चिठ्ठ्या टाकून गट पाडू कोण देणार? या तुकड्या मुळातच सारख्या नसतात, म्हणून पूर्वचाचणीचे (प्रयोगाआधी घेतलेल्या चाचणीचे) गुण हिशेबात घेणारं सहप्रसरण विश्लेषण, म्हणजे अँकोव्हा, यायला हवं. दोन गटांच्या नुसत्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीपाशी थांबलेला विद्यार्थी पुढे पैसे देऊन आकडेमोड करून घेतो आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकतो. सर्वेक्षण असेल तर साधननिर्मितीचा, म्हणजे प्रश्नावली किंवा चाचणी तयार करण्याचा, पेपर आधी घ्या. तयार चाचण्या बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदीत असतात. मराठीत आणल्या की मूळची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी निकाल तसाच येण्याची खात्री) लागू होत नाही. मराठीतून परत मूळ भाषेत भाषांतर करून पडताळणं, लहान गटावर पथदर्शी चाचणी, विश्वसनीयता, सगळं पुन्हा करावं लागतं. विद्यापीठात असा पेपर नसेल तर यूजीसीमान्य ऑनलाइन कोर्स क्रेडिटमध्ये धरता येतो. विभागाची मान्यता मात्र आधी घ्या.

खरा घोळ शाळेच्या वर्षाचा. सलग सहा-आठ आठवडे शाळा मिळते ती जुलै ते सप्टेंबरमध्ये. मग सहामाही, दिवाळीची सुट्टी, सहली, स्नेहसंमेलन, पुढे बोर्ड. संशोधन आराखड्याला मान्यता ऑक्टोबरात आली तर पुढच्या जुलैपर्यंत हात बांधलेले. म्हणून जुलैपासून उलटं मोजा: त्याआधी शाळेची परवानगी, जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, पालकांची संमती, साधन तयार.

गाईडकडे पहिल्यांदा जाताना एकच पान न्या: इयत्ता, शाळा, तीन संशोधनप्रश्न, प्रत्येकाला लागणारी माहिती, आणि त्यासाठी हवा असलेला पेपर. कोणते कोर्स घ्यावेत हे सुचवणं संशोधन सल्लागार समितीचं कामच आहे आणि गाईड तिचे निमंत्रक असतात, तेव्हा संकोच करू नका. भेटीत ठरलेलं त्याच संध्याकाळी चार ओळींत मेल करा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात. तुमचं काय ठरलं होतं ते सरांच्या लक्षात राहीलच असं नाही.

आणि तुम्ही नोकरी करता त्या संस्थेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, पुन्हा वाचा. 'अर्धवेळ शिक्षणास परवानगी आहे' एवढंच पुरत नाही. कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, हेही त्यात लागतं. कार्यमुक्तीचं हे वाक्य नेमकं गाळलेलं असतं.