पारजांभूळ ओळखताना

महाबळेश्वर-माथेरानच्या सदाहरित रानात समोरासमोर पानं दिसली की नवखा माणूस थेट 'जांभूळ' लिहून मोकळा होतो. तुम्ही घाई करू नका; ते पारजांभूळ, म्हणजे ऑलिव्हच्या कुळातलं जांभळासारखं दिसणारं झाडही असू शकतं. पान उजेडासमोर धरा. जांभळाच्या पानात बारीक तैलबिंदू दिसतात, कडेलगत एक शीर धावते आणि पान चुरगळलं की वास येतो. पारजांभळात यातलं काही नाही. उलट कड बरेचदा दातेरी असते. सालीवर मात्र मी कधीच विसंबत नाही. फूल मिळालं तर भिंग काढाच: चार इवल्या पाकळ्या, पुंकेसर फक्त दोन. ऑलिव्हच्या कुळाची ही पक्की खूण. जांभळात पुंकेसरांचा झुबका असतो. आणि फळ धरलं नाही म्हणून नाव खोडू नका, पारजांभळात नरझाडं वेगळी असतात.