शातो दिकेम या फ्रान्समधल्या द्राक्षमळ्याची गोड पांढरी वाईन इतकी महाग का असते? ती खरंच बुरशी लागलेल्या द्राक्षांची करतात का?

हो, बुरशी लागलेल्याच द्राक्षांची करतात. किमतीचं निम्मं कारण ती बुरशीच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे नाव, इतिहास आणि पैसेवाली गिऱ्हाइकं. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आपल्याकडे द्राक्षावर बुरशी दिसली तर व्यापारी बागेत पाऊलही टाकत नाही, मग तिकडे तिचं सोनं कसं होतं? मी निफाडकडच्या द्राक्षवाल्या घरातला. फळ छाटणीनंतर आभाळ भरून आलं की घरात कुणी धड जेवायचं नाही, म्हणून मलाही हाच प्रश्न आधी पडला होता.

पहिली गोष्ट, ही आपल्या द्राक्षांवर नेहमी येणारी भुरी नव्हे आणि डाऊनीही नव्हे. ही बॉट्रायटिस, म्हणजे पावसाळी हवेत घडकूज करणारी. बुरशी एकच, पण तिची दोन रूपं आहेत. मणी कच्चा असताना किंवा सतत ओल असताना ती आली तर घड सडतो, वास मारतो, सगळं गेलं. पण मणी पूर्ण पिकलाय, साल शाबूत आहे, सकाळी दमट आणि दुपारी कोरडं ऊन, असा योग जुळला तर बुरशीचे तंतू सालीला बारीक बारीक भोकं पाडतात आणि आतलं पाणी उडून जातं. मणी आधी तपकिरी होतो, मग सुरकुततो, वर राखाडी लव दिसते. पाणी गेल्यामुळे साखर आणि आंबटपणा दोन्ही दाटतात, शिवाय बुरशी स्वतःही काही नवे घटक तयार करते. म्हणून ही चव नुसत्या वाळवलेल्या द्राक्षांना येत नाही. निर्यातीच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांना 16-18 ब्रिक्स (म्हणजे रसात साधारण शेकडा तेवढी साखर) आले की आपण काढणीच्या मागे लागतो. दिकेमचा मणी तोडतात तेव्हा त्याच्या रसात लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते.

आता हा योग तिथेच का जुळतो? दिकेम हे बोर्दो शहराच्या आग्नेयेला, साधारण 40 किलोमीटरवर, सोतेर्न भागात आहे. सिरों नावाची छोटी नदी दाट झाडीच्या सावलीतून थंडगार वाहत येते आणि तुलनेने कोमट गारोन नदीला मिळते. शरद ऋतूत या दोन पाण्यांमुळे सकाळी धुकं धरतं आणि मळ्यांवर पसरतं. दुपारपर्यंत ऊन आणि वारा ते उडवून लावतात. बुरशीला सकाळ हवी, शेतकऱ्याला दुपार हवी, दोघांचंही भागतं.

दिकेमचा मळा शिवारात उंचावर आहे, त्यामुळे वारा चांगला लागतो. मातीत वर वाळू-गोटे, ते दिवसा तापतात; खाली चिकणमाती, ती उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. चिकणमातीचा तोटा आपल्याला माहीतच आहे, पाणी तुंबतं. म्हणून एकोणिसाव्या शतकात या मळ्याखाली पाणी काढून देणाऱ्या नळ्या घातल्या, त्यांची लांबी जवळपास 100 किलोमीटर सांगतात. फ्रेंच लोक ज्याला ‘तेर्वार’ म्हणजे जागेचा गुण म्हणतात त्यात माती आणि हवा येतेच, पण मला विचाराल तर या नळ्याही त्यातच धरायला हव्यात. निसर्गानं दिलं म्हणून नुसतं बसून राहिलं असतं तर दिकेम झालं नसतं.

खरा खर्च काढणीत आहे. बुरशी सगळ्या बागेत एकदम लागत नाही, एका घडातही सारखी लागत नाही. एकाच घडात चार मणी तयार, पाच अजून हिरवट-पिवळे, दोन वाया गेलेले. म्हणून तोडणाऱ्यांची टोळी बारीक कात्री घेऊन तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरते. साधारण पाच-सहा फेऱ्या, एखाद्या वर्षी त्याहून जास्त. दरवेळी फक्त तयार झालेले मणी किंवा घडाचा तेवढाच तुकडा घ्यायचा, वाईट बुरशीचा भाग कापून टाकायचा, बाकीचा वेलीवर ठेवायचा. सप्टेंबरमध्ये सुरू झालेलं काम कधी नोव्हेंबरपर्यंत लांबतं. मध्येच पाऊस आला तर टोळी थांबवायची आणि मजुरी देत आभाळाकडे बघत बसायचं. आपल्याकडे विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, जशी सरावाची नजर लागते तशी ही काढणीला लागते. नवख्याच्या हातात कात्री दिली तर बॅरल बिघडेल.

आणि एवढं करून हाती काय येतं? हेक्टरी सरासरी 9 हेक्टोलिटर, म्हणजे 900 लिटर. बोर्दोच्या रेड वाईनच्या मळ्यात याच्या चार-पाच पट निघते. म्हणूनच ‘एका वेलीमागे एक ग्लास’ असा हिशेब सांगतात, आणि तो आकड्यांशी जुळतो. सुमारे 100 हेक्टर फळावर असूनही चांगल्या वर्षी बाटल्या जेमतेम एक लाखाच्या घरात जातात.

वाईट वर्षी तर एकही नाही. 1910, 1915, 1930, 1951, 1952, 1964, 1972, 1974, 1992 आणि 2012 या वर्षांची दिकेम बाजारात आलीच नाही. द्राक्षं नव्हती असं नाही, वाईनही झाली होती; पण ‘आमच्या नावाला शोभणारी नाही’ म्हणून ती नाव न लावता विकून टाकली. वर्षभराचं उत्पन्न सोडून द्यायला नुसता बाणेदारपणा पुरत नाही, मागे भांडवलही लागतं. 2012 चा निर्णय घेताना मागे एलव्हीएमएच हा चैनीच्या वस्तूंचा बलाढ्य फ्रेंच समूह मालक म्हणून होता, हेही लक्षात ठेवा.

इतिहास थोडक्यात. 1593 साली जाक सोवाज या स्थानिक माणसाला ही जागा वहिवाटीला मिळाली, पूर्ण मालकी पुढे 1711 मध्ये आली. 1785 मध्ये घरातली लेक फ्रांस्वाझ जोझेफीन हिचं लग्न ल्यूर-सालूस घराण्यात झालं. तीन वर्षांत नवरा गेला, विशीतच विधवा. मग फ्रेंच राज्यक्रांती, त्यात तुरुंगवास. तरीही तिने जमीन हातची जाऊ दिली नाही आणि 1851 मध्ये मरेपर्यंत मळा आणि व्यापार दोन्ही वाढवले. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात कर्तबगार माणूस तीच वाटते. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने 1784 च्या वाईनच्या 250 बाटल्या मागवल्या, नंतर जॉर्ज वॉशिंग्टनसाठीही मागवल्या, ते तिच्याच काळात.

1847 साली मालक परत यायला उशीर झाला, तोवर द्राक्षं बुरशीने भरली आणि चुकून ही वाईन जन्मली, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण 1666 च्या एका करारातच इथली काढणी उशिरा, ऑक्टोबरच्या मध्याला होते असं लिहिलेलं आहे. त्यामुळे उशिराची काढणी जुनीच. बोर्दोच्या वाईनच्या 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत दिकेमला बाकी सगळ्यांच्या वरची, ‘प्रीमिए क्रू स्युपेरियर’ ही एकट्याची पायरी मिळाली. लाफीत, मार्गो, लातूर हे बोर्दोचे रेड वाईनचे नामांकित मळे, ते सगळे त्याच्या एक पायरी खाली.

भाऊबंदकी तिथेही आहेच. 1996 मध्ये घरातल्याच काही भागधारकांनी आपला वाटा एलव्हीएमएचला विकला. मळा सांभाळणारे काउंट अलेक्झांद्र द ल्यूर-सालूस कोर्टात गेले, अखेर 1999 मध्ये तडजोड झाली. 2004 मध्ये ते निवृत्त झाले आणि कारभार पिएर ल्यूर्तों यांच्याकडे आला.

वाईनबद्दल. बागेत मुख्यतः सेमियों जातीची द्राक्षं, तिच्या जोडीला सोव्हिन्यों ब्लां ही जात. सेमियोंची साल पातळ, बुरशीला सोयीची. सोव्हिन्यों ताजेपणा देते. रस नव्या ओकच्या बॅरलमध्ये आंबतो. अल्कोहोल 13.5-14 टक्क्यांच्या आसपास पोचलं की यीस्ट दमतं आणि लिटरला 120 ते 150 ग्रॅम साखर तशीच उरते. एवढी साखर म्हटल्यावर पाकासारखं लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही, कारण आंबटपणाही तितकाच दाटलेला असतो. मला एका टेस्टिंगमध्ये चाखायला मिळाली त्यात सुकं जर्दाळू, केशर आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा होता, आणि घोट गिळल्यावर चव बराच वेळ जिभेवर राहिली. जुनी होते तसा रंग सोनेरीवरून चहासारखा होत जातो. 1811 ची एक बाटली 2011 मध्ये 75,000 पौंडांना विकली गेली होती, पण तो संग्राहकांचा खेळ आहे. याच मळ्यात 1959 पासून ‘इग्रेक’ नावाची कोरडी पांढरी वाईनही करतात. चांगली असते, पण त्या किमतीत मी दुसरी घेईन.

तुमचा शेवटचा प्रश्न, नाशिकला असं होईल का? आपली काढणी जानेवारी ते मार्च, तेव्हा हवा कोरडी आणि ऊन वाढतं. धुक्याचा तो रोजचा क्रम नाही. अवकाळी आला तर मण्यांना तडे जातात आणि उरते ती वाईट घडकूज. नाशिकच्याच सुला वायनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां ही वाईन गोड आहे, पण ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. तिची या वाईनशी तुलना करू नये, तसा तिचा दावाही नाही.

प्यायचीच असेल तर दिकेमपासून सुरुवात करू नका. नवी बाटली युरोपातच साडेतीनशे-चारशे युरोंच्या आसपास जाते, इकडे कर धरून किती होईल ते तुम्हीच बघा. शेजारच्या स्युदिरो, रियुसेक किंवा गिरो या मळ्यांची अर्धी बाटली घ्या. पद्धत तीच, भाव कितीतरी कमी. 10-12 अंशांवर थंड करा, लहान ग्लासात घ्या. पुरणपोळी किंवा गुलाबजामाबरोबर मात्र नको, गोडावर गोड आलं की वाईन एकदम फिकी पडते. खारट, उग्र रोकफोर चीजबरोबर घ्या, नाहीतर तिखट मसाल्याच्या कोळंबीबरोबर. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर सहज टिकते.