आरटीएक्स ३०६० (१२ जीबी मेमरी) की आरटीएक्स ४०६० (८ जीबी मेमरी): कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

१०८०पीवर गेमिंग एवढंच काम असेल तर ४०६० घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले मोठे सीन किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतील तर ३०६०, कारण तिथे जास्त मेमरी लागते. एनव्हीडिया कंपनीने दिलेल्या आकड्यांत खरं तर ३०६० वरचढ दिसतं: कुडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग) ३५८४ विरुद्ध ३०७२, बस (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी) १९२ बिट विरुद्ध १२८, बँडविड्थ (त्या रस्त्यावरून जाणारा डेटा) सेकंदाला ३६० जीबी विरुद्ध २७२. तरी बहुतेक गेममध्ये ४०६०च पुढे राहतं, कारण त्याचं बूस्ट क्लॉक, म्हणजे जोर लावल्यावरचा वेग, २.४६ गिगाहर्ट्झ आहे (३०६०चं १.७८) आणि एल-२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून थेट २४ एमबी झाली आहे, त्यामुळे मेमरीकडे हेलपाटे कमी पडतात. दोन वेगळ्या पिढ्यांचे कोअर नुसते मोजत बसण्यात अर्थ नाही. वीजही ११५ वॉट, ३०६०ला १७०. डीएलएसएस ३ या एनव्हीडियाच्या तंत्रातलं फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या जादा फ्रेम तयार करणं) या दोघांत फक्त ४०६०वर चालतं.

मेख एकच: ४०६० पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीच्या) आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३.०वाला असेल आणि ८ जीबी मेमरी भरली, तर ते अडखळतं. आणि हो, ३०६०चं ८ जीबीवालं रूपही मिळतं, त्याची बस १२८ बिटच आहे. स्वस्त दिसलं तरी ते नको.