रोज शंभर क्रंच मारतो, भात सोडला, तरी पोट जात नाही. काय करू?

क्रंचनं, म्हणजे उताणं पडून खांदे उचलायच्या त्या व्यायामानं, पोटाची चरबी जात नाही. मारायचेच असतील तर मारा, आतला स्नायू घट्ट होईल, पण वरचा थर आहे तिथंच राहील. एवढं लिहून मी पुढं जाणार होतो, पण तुम्ही खाली लिहिलंय की मेव्हणा म्हणतोय पावडर घे, महिन्यात पोट सपाट. तिथं माझी नस दुखली म्हणून लिहायला बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी लातूरचा, मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम. काम सगळं गादीवर बसून. शेतकरी आला की चहा, खरेदीदार आला की चहा, कोणीच आलं नाही तर कंटाळा आला म्हणून चहा. सोयाबीनच्या सीझनला तर जेवायला घरी जाणं होत नाही, मग समोरच्या गाड्यावरचे भजे. पोट कधी सुटलं ते कळलंच नाही कारण पँट ३४ चीच होती. आता कळतंय की पँट ३४ ची होती कारण ती पोटाच्या खाली बांधत होतो. असे लई लोक आहेत आमच्या यार्डात, विचारलं की छातीठोक सांगतात माझी कंबर चौतीस म्हणून.

तर आमचे थोरले साडू. संभाजीनगरला असतात, नोकरी चांगली आहे, स्वभाव काय सांगू. माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं उदगीरला, पंगत बसलेली, आणि हे माझ्या शेजारी बसून माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, "काय पाव्हणं, कितवा महिना?" सगळी पंगत हसली, वाढणारं पोरगं पण हसलं. आणि गंमत बघा, त्याच पंगतीत सासूबाई माझ्या पानात जिलेबी टाकत होत्या, "घ्या की जावईबापू, एका जिलेबीनं काय होतंय." मी नको म्हणलं तर साडूच म्हणाले, "वाढा वाढा, लाजायलेत ते." म्हणजे हसायचं पण ह्यांनीच आणि वाढायचं पण ह्यांनीच. आपल्याकडं पोट कमी करायला सगळ्यात आडवं काय येत असेल तर हा आग्रह. भात नाही, बटाटा नाही, आग्रह. त्यावर कुठला डाएटवाला बोलत नाही.

लग्नानंतर साडूंनी एका न्यूट्रिशन क्लबात जायला सुरू केलं आणि सगळ्या नातेवाईकांना तिकडं ओढायला लागले. मी काही गेलो नाही. मग एक दिवस मी दुकानावर असताना ह्यांनी घरी पावडरचा डबा आणून ठेवला आणि माझ्या बायकोकडून दोन हजारांवर पैसे घेऊन गेले. "पाव्हण्यांच्या तब्येतीसाठी आहे, त्यांना विचारू नका." बायको बिचारी बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार. ह्यावरून आमचं जे फिसकटलंय ते आजतागायत.

माझी पोरगी अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते, लातुरात दुसरं काय करणार. तिनं डब्यावरचं लेबल वाचलं. दुधातून एक ग्लास घेतला तर दोन-सव्वादोनशे कॅलरी, आणि सूचना काय, तर रात्रीचं जेवण बंद करून त्याऐवजी हे प्यायचं. आता माझं रात्रीचं जेवण बघा. दोन मोठ्या भाकरी, तर्रीवाली भाजी, शेंगदाण्याची चटणी वर तेल घालून, शेवटी भात. पोरीनं हिशोब लावला, आठशे-नऊशेच्या घरात गेला. म्हणजे रोज सहाशेएक कॅलरी कमी होणार, मग ग्लासात पावडर घाला नाहीतर नुसतं ताक प्या, वजन उतरणारच की! पावडर बंद करून परत दोन भाकरी आणि भातावर आलात की परत पहिल्यासारखं. डबा तसाच पडून राहिला, आता त्यात हरभऱ्याची डाळ आहे.

क्रंचचं पण तिनंच समजावलं, म्हणून तुम्हाला सांगू शकतोय. चरबी पेशीत साठलेली असते, शरीराला कमी पडलं की ती सुटून रक्तात येते आणि जिथं लागेल तिथं जळते. ती कुठून आधी सुटणार हे तुम्ही ठरवत नाही, शरीर ठरवतं. पोटाला व्यायाम दिला म्हणून पोटावरचीच सुटेल असं नसतं. बऱ्याच पुरुषांचा आधी चेहरा उतरतो, हात बारीक होतात, आणि पोटाचं चिमटीत येणारं कातडं सगळ्यात शेवटी, म्हणून ती चरबी हट्टी वाटते. पण आत, लिव्हर आतड्यांच्या भोवती जी बसलेली असते ती आधी हलायला लागते, आणि शुगर, बीपी, फॅटी लिव्हर ह्याच्यामागं जास्त करून तीच असते. म्हणजे आरशात दिसत नसलं तरी काम सुरू झालेलं असू शकतं.

तुम्ही लिहिलंय वजन जास्त नाही, हातपाय बारीक, नुसतं पोटच. हे आपल्या लोकांचं जुनं दुखणं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरचा फोटो २००४ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण अंगातली चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपलं शरीर बारीक दिसून आतून चरबी धरतं. म्हणून वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या पुढं गेलं की धोका धरतात. माझं किती होतं ते सांगत नाही.

आता मी काय केलं ते. चहातली साखर बंद. दिवसाला सात-आठ कप, कपाला दोन चमचे, म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर नुसती चहातून जात होती, तीनशे कॅलरी झाल्या. सुरुवातीला बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागतो, मग साखरेचा घशाखाली उतरत नाही. रात्री एक भाकरी, भात बंद, आणि जेवण आठच्या आत. तेलाचा डबा कधी आणला ती तारीख बायको डब्यावरच लिहायला लागली. डॉक्टर लोक माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात, आमचा हिशोब त्याच्या दुपटीवर निघाला. करडईचं आहे, घाण्याचं आहे, म्हणून काय झालं, एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, घाण्याचं असो नाहीतर पिशवीतलं.

भाकरीचं पण बोलून घेतो कारण इथं अर्धे लोक उत्तर देतील की पोळी सोडा आणि ज्वारी खा. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही, चावायला वेळ लागतो, पोट भरतं, एवढा फायदा खरा. पण लातूरकडची भाकरी ताटाएवढी असते, तशा तीन हाणून "मी तर ज्वारीच खातो" म्हणायचं हे चालणार नाही. आणि एकादशी दुप्पट खाशी हे आमच्याच वारकऱ्यांना बघून कुणीतरी म्हणलेलं आहे. मी पण माळकरी आहे म्हणून हक्कानं बोलतो, साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, तूप आणि शेंगदाणे, त्याला उपास म्हणू नका.

प्रोटीनकडं बघा. लातूरचा बाजार सोयाबीनचा, तूर डाळीच्या मिला इथं, आणि आमच्या ताटात काय, तर पाण्यासारखं वरण. सोयाबीन आपणच पेरायचं, विकायचं आणि त्याच्या वड्या मात्र घरात कोणी खायच्या नाहीत. शंभर ग्रॅम सोयावडीत पन्नासच्या आसपास ग्रॅम प्रोटीन असतं. मी अंडी खात नाही तर सोयावडी, मटकीची उसळ, घट्ट वरण, दही हे वाढवलं. त्यानं भूक मरते आणि वजन उतरताना स्नायू झडत नाहीत. तुम्ही भात सोडलाय पण त्याजागी काय खाता ते लिहिलंच नाही. दोन पोळ्या वाढवल्या असतील तर काय उपयोग.

व्यायाम म्हणाल तर चालणं आणि जोर-बैठका. औसा रोडला पहाटे बघा, निम्मं लातूर चालतंय. डॉ. जगन्नाथ दीक्षित आमच्या इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात होते, त्यामुळं दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला हे इथं पोराबाळांना पण पाठ आहे. मग कोणी म्हणतं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर बाई तर दर दोन तासाला खा म्हणतात, आणि ह्यावरून पारावर भांडणं. माझं मत विचाराल तर दोन्हीकडं माणूस आपण काय खातोय ते बघायला लागतो आणि दिवसभर तोंड चालू ठेवायची सवय मोडते, काम त्यानंच होतं. तुम्हाला जे वर्षभर जमेल ते धरा. पण नुसतं चालून पोट जाईल असं समजू नका. साडेचार किलोमीटर चालून अडीचशेएक कॅलरी जळतात, येताना एक वडापाव खाल्ला की हिशोब बरोबर. आमच्या यार्डातले हमाल दिवसभर पोती उचलतात, त्यातल्या काहींना पण पोट आहे, कारण रात्रीचा कार्यक्रम. दारूच्या एका ग्रॅमला सात कॅलरी आणि सोबतचा चकणा वेगळा.

किती दिवस लागतील विचारलंय. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज पाचशे कमी केल्या तर पंधरवड्याला एक किलो, ते पण कागदावर, प्रत्यक्षात कमीच, कारण अंग हलकं झालं की खर्च पण घटतो. महिन्यात सपाट करून देतो म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर अंगातलं पाणी काढणार आहे. पोटाला बांधायचे ते घामाचे पट्टे त्यातलेच.

माझं पोट उतरलं, शिंप्याकडून पँटी आत घेतल्या. तर साडू काय म्हणाले असतील? भेटल्यावर तोंडावर "पाव्हणं, सुकल्यासारखे दिसायलाव, शुगर चेक करा." आणि नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे आधीचे-नंतरचे फोटो टाकून खाली, आमच्या प्रॉडक्टचा रिझल्ट, संपर्क करा, आणि स्वतःचा नंबर! ज्या डब्यात आमची हरभरा डाळ आहे त्या डब्याचा रिझल्ट. मी ग्रुपवर डाळीचा फोटो टाकला, तर सासरेबुवांनी फोन करून सांगितलं की नातं आहे, ताणू नका. सहा महिने जिलेबीला नको म्हणलं मी, आणि गिऱ्हाईकं ह्यांना मिळाली. म्हणून सांगतो, मेव्हण्याचं फुकट असलं तरी घेऊ नका, आणि पोट कमी झाल्यावर फोटो कोणाला पाठवू नका.

शुगर चेक कर हे मात्र साडू चुकून बरोबर बोलले, मी तपासली, नॉर्मल निघाली. न करता-सवरता वजन उतरत असेल तर तपासाच. हातपाय काड्यासारखे आणि पोट एकदम, टणक वाढलेलं असेल, पायाला सूज असेल तर ते चरबीचं प्रकरण नसू शकतं, पोटात पाणी झालेलं पण असू शकतं, आधी डॉक्टरकडं जा. बायकांना थायरॉईड, पीसीओडी, बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेले असं बरंच असतं, त्यांना माझं उत्तर जसंच्या तसं लागू करू नका, आणि फाकलेल्या स्नायूंवर क्रंच तर अजिबातच नको, आधी दाखवून घ्या. रात्रपाळी असेल, झोप पाच तासाची असेल तर आधी झोप बघा, झोप अपुरी झाली की भूक जास्त लागते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस तोच ठेवून जेवण तोडू नका, साखर एकदम खाली जाते. आमच्या शेजारच्या आडतीवर एक जण असाच चक्कर येऊन पडला होता.

तुमचं वय, उंची आणि दिवसभर काय काय खाता ते लिहा, चहासकट. मग पुढचं सांगता येईल.