‘पोर्ट मॅनेजमेंट’ला २ लाख भरण्याआधी

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक खाजगी संस्था ‘पोर्ट मॅनेजमेंट’चा डिप्लोमा करून जेएनपीटीत नोकरीची हमी देतेय. फी २ लाख. मुलगी हट्टाला पेटलीय, घरचे म्हणतात बंदरावर पोरीचं काय काम? काय करावं?

उत्तर : नमस्कार. पैसे भरले नसतील तर थांबा. मुलीची दिशा बरोबर आहे, हमी मात्र खोटी आहे.

जेएनपीटी म्हणजे न्हावा शेव्याचं बंदर. ते १९८९ साली सुरू झालं. देशातल्या प्रमुख बंदरांवर येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांपैकी साधारण निम्मे एकट्या या बंदरातून जातात. पण तिथली कंटेनर टर्मिनलं आता खाजगी कंपन्या चालवतात. बंदर प्राधिकरणाची स्वतःची भरती थोडी, आणि ती जाहिरात देऊन होते. क्लासवाल्यांच्या शिफारशीवर नाही. खरा रोजगार आहे बंदराच्या भोवती : कस्टम्स ब्रोकर (मालाचे कस्टम्सचे कागद करून देणारे; ज्यांना सगळे अजून सीएचए म्हणतात), फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवायची सगळी व्यवस्था लावणारे), शिपिंग लाइनची ऑफिसं, सीएफएस (बंदराबाहेरची कंटेनर भरण्या-उतरवण्याची गोदामं), वाहतूकदार. बी.कॉम. झालेल्या मुलीला जागा तिथे आहे.

काम काय असतं ते तुमच्याच मालावरून सांगतो. युरोपला जाणारा द्राक्षाचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, पॅकहाउसमधून शून्य अंशाच्या आसपास तापमान लावून निघतो. त्याच्या मागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, रेसिड्यूचा (फवारणीच्या अंशांचा) रिपोर्ट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) आणि शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद). कंटेनर नंबर म्हणजे ४ अक्षरं, ७ आकडे. त्यातला एक आकडा चुकला, किंवा पेट्यांची संख्या एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतीच आली, की दुरुस्तीची धावपळ सुरू. इकडे जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, कुणासाठी थांबत नाही. तो चुकला तर रीफर पुढच्या जहाजापर्यंत विजेच्या प्लगवर उभा, बिल चालू आणि माल शिळा. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा भाडं किती चढलं, हे तुम्हाला मी सांगायला नको! कागद वेळेत आणि बिनचूक करणाऱ्या माणसाला या धंद्यात किंमत आहे ती म्हणूनच.

तेव्हा आधी बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. येत्या जानेवारीत हंगाम सुरू झाला, की तुमचा माल जातो त्या पॅकहाउसमध्ये एक्स्पोर्टचे कागद करणाऱ्यांच्या शेजारी तिला महिनाभर बसवा. एक्सेल आणि इंग्रजी ई-मेल पक्के करून घ्या. पदवीनंतर एखाद्या ब्रोकरकडे लागली, तर नोकरीत राहूनच कस्टम्सची जी-कार्ड (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला मिळणारा कस्टम्सचा पास) परीक्षा देता येते. पदवी आणि जी-कार्डावर किमान २ वर्षांचं काम झालं, की स्वतःच्या ब्रोकर-लायसन्ससाठीच्या परीक्षेला बसता येतं. ती अवघड आहे, लेखी आणि तोंडी दोन्ही. पण पास झाली तर पाटी स्वतःच्या नावाची. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, हेही आत्ताच तिच्या कानावर घाला.

घरच्यांच्या शंकेचं म्हणाल तर यातलं बहुतेक काम धक्क्यावर नाही, वाशी-बेलापूरकडच्या ऑफिसांत बसून होतं. बायका तिथे सर्रास आहेत. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, मध्ये न्हावा शेवा नावाचं स्टेशनच आहे. रात्रीचे फोन मात्र येतात, हंगामात तर हमखास.

पालघर जिल्ह्यातल्या नव्या वाढवण बंदराचं नाव घेऊनही आता कुणी फी मागायला येईल. त्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली; काम वर्षानुवर्षं चालणारं आहे आणि मच्छीमारांचा विरोधही आहे. त्या भरवशावर आज कोर्स निवडू नका.

संस्थेकडे पुन्हा जाणारच असाल तर माहितीपत्रक बाजूला ठेवायला सांगा. मागच्या बॅचमधल्या ५ जणांचे फोन नंबर मागा, त्यांना तुम्ही स्वतः फोन करा आणि कोणत्या कंपनीत, काय कामावर, किती पगारावर आहेत ते विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या.