इंदूरला आई अ‍ॅडमिट आहे, जेवणाचं ताट तसंच परत जातं, वजन उतरतंय. यात सिस्टर काही करू शकतात का?
हो, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच होते: भरती करताना वजन घेणं, गेल्या 3 ते 6 महिन्यांत ते आपोआप किती उतरलं हे विचारणं आणि गरज दिसली की आहारतज्ज्ञांना बोलावणं. 50 किलोच्या बाईचं या काळात 5 किलोंहून जास्त गेलं असेल तर धोका मोठा मानतात. मी इथेच एका वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून सांगते. ताट का परत जातं ते शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कवळी घरी राहिलेली असते, तोंड आलेलं असतं, उजव्या हाताला सलाईन असल्यामुळे पोळी मोडता येत नाही, नाहीतर नेमकं जेवायच्या वेळी कुणीतरी रक्त घ्यायला येतं. यातलं बरंचसं औषधाविना सुटतं. तुम्ही रोज लिहून सिस्टरना दाखवा: अर्धी वाटी मऊ भात, दोन चमचे पोहे, असं. नुसतं ‘थोडं खाल्लं’ सांगून काही कळत नाही. एक मात्र सांभाळा: 5-6 दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर घरचा डबा आणून एकदम पोटभर भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो. किती आणि कसं वाढवायचं, ते डॉक्टरांना विचारूनच.